वलवणच्या पानसुपारीचा बँड

सेवेतली लक्षात राहिलेली केस कोणती, असं कुणी विचारलं की मी बँडची केस सांगतो. पुढे दरोडेखोर धरले, खून उघडकीस आणले, तरी सांगतो ती हीच. लोक हसतात. हसू देत.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. मी लोणावळ्याला फौजदार होतो, नोकरीत नवा, आणि गणवेशाची घडी मोडेल म्हणून खुर्चीतसुद्धा ताठ बसणारा. लग्नसराई चालू होती. आज ज्याला रिसेप्शन म्हणतात त्याला तेव्हा पानसुपारी म्हणत. गावातले सनई-ताशेवाले पाच-सहा रुपयांत आणि दोन वेळच्या जेवणात वाजवून जात. पण पुण्याचा लाल कोटवाला बँड आणायचा म्हणजे चाळीस-पन्नास रुपये, वर रेल्वेचं भाडं. हौस महाग होती, आणि व्याह्यांच्या अटी त्याहून महाग.

टाकवे बुद्रुकच्या एका शेतकऱ्यापुढे अशीच अट आली. त्यांना सगळे आबा म्हणत. थोरल्या मुलीचं वलवणच्या एका दुकानदाराच्या मुलाशी जमलं होतं. लग्न टाकव्याला, पानसुपारी वलवणला. दुकानदाराने बजावलं होतं, स्टेशनापासून दारापर्यंत बँड वाजला पाहिजे, तो वाजल्याशिवाय सून उंबऱ्याच्या आत येणार नाही. आबांनी लोणावळ्याच्या बाजारात भेटलेल्या एका बँडवाल्याला वीस रुपये आगाऊ इसार दिला आणि निर्धास्त झाले.

एके दिवशी सकाळी हजेरी संपते न संपते तोच एक सनईवाले म्हातारे ठाण्यात आले. मुसलमान, मावळातलेच. त्यांना गावोगाव चाचा म्हणत.

"सायब, तुमच्या बाजारात एकजन बँडची सुपारी घेत फिरतोय. आबांकडनं वीस रुपये घेतलं त्यानं. त्यो बँडवाला न्हाई."

"कशावरून?"

"त्यानं काईच इचारलं न्हाई. आबा वलवन म्हनलं, त्यो चाळीस म्हनला. कामशेतात एकानं इचारलं, तितंबी चाळीसच. वाट किती, चढ हाय का, जेवन कवा, ह्ये इचारल्याबिगर वाजवनारा कुनी भाव सांगतो व्हय?"

मला वाटलं, पोटावर पाय आला म्हणून म्हातारा कुरकुरतोय. तरी कर्तव्य म्हणून त्या इसमाला बोलावणं धाडलं. तो आला तो काळा कोट, छापील पत्रं आणि हातात क्लॅरिनेटची पेटी घेऊन. अकरा गणवेशधारी वादकांचा फोटोही होता. कागद चोख, बोलणं मिठ्ठास. मी त्याला चहा पाजला आणि स्टेशन डायरीत नोंद केली, 'चौकशी केली, संशयास्पद काही नाही.' चाचा तेवढा वेळ बाहेर ओसरीवर उभे होते. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही. आज त्याची लाज वाटते.

दोन दिवसांनी बेगडेवाडीहून एका नवरीचा बाप आला. डोक्याला कालच्याच लग्नाचा फेटा, डोळे लाल. त्याच बँडवाल्याला त्याने लोणावळ्यातच इसार दिला होता, आणि बँड आलाच नव्हता.

"वऱ्हाड तासभर येशीत हुबं ऱ्हायलं, सायब. लोकं त्वांडावर हसली. मला पैसं नगंत. त्याला माज्याफुडं हुबा करा."

माझे कान तापले. डायरीतली नोंद माझ्याच हातची होती. आणि आबांच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं.

गडी स्टेशनकडे गेल्याचं बाजारात कळलं, तसं जमादार आणि दोन शिपाई घेऊन मी स्टेशन गाठलं. पुण्याची पॅसेंजर सुटायच्या बेतात होती. काळा कोट खिडकीशी बसला होता. त्याला पेटीसकट खाली उतरवला.

ठाण्यात मात्र तो डगमगला नाही. "आमचे मास्तर तापाने पडले, साहेब. पैसे परत करीन. हा दिवाणी मामला आहे, तुमचा नव्हे."

गडी कायदा जाणून होता. दिलेला शब्द मोडला एवढ्यावर फसवणूक होत नाही. शब्द देतानाच मनात लबाडी होती, हे दाखवावं लागतं. जमादार बाह्या सरसावू लागला. मी त्याला थांबवलं आणि शिपायाला म्हटलं, "चाचांना घेऊन या. आणि खुर्ची ठेवा."

चाचा आले, समोर बसले. आवाज इतका गोड, जणू सोयरीक जुळवायला आलेत.

"मास्तर, मला एक बँड पायजे. वरात खंडाळ्याच्या खालनं घाट चढून वर यायची. काय घ्याल?"

"चाळीस."

"मोठा ढोल चढावर कोन नेनार?"

"आमचा ढोलवाला. वाजवतच नेईल."

"हमाल लागंल न्हवं एखादा?"

"छे, कशाला?"

"बरं. मानसांचं जेवन?"

"वरातीच्या आधी. चांगलं पोटभर वाढा. माणसं खूश असली की वाजवतात दणकून."

चाचा माझ्याकडे वळले. "सायब, फुंकनारा मानूस भरल्या पोटी वाजवत न्हाई, दम पुरत न्हाई त्याला. आन घाट चढताना ढोल वाजवनारा मी तरी पायला न्हाई. ह्यानं उभ्या जल्मात वाजाप घेऊन वरात काडलेली न्हाई."

काळ्या कोटाने पहिल्यांदा रुमाल काढून मान पुसली. मी कागद पुढे ओढला. "अकरा जणांची नावं आणि पत्ते सांग. आत्ता पुण्याला तार करतो." तीन नावं आली. चौथ्याला त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळंच बाहेर आलं. फोटो एका फोटोवाल्याकडून विकत घेतलेला, पत्रं छापून घेतलेली, क्लॅरिनेट जुन्या बाजारातलं. सात घरांना त्याने गंडवलं होतं. पैसे साथीदाराकडे, खंडाळ्याच्या धर्मशाळेत.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण त्यावरून निघालेला मुद्देमाल चालतो. तासाभरात पंचांसमक्ष साथीदाराच्या वळकटीतून सगळी रक्कम निघाली. मी जिंकलो होतो. निदान मला तसं वाटलं.

आबा ठाण्याच्या पायरीवर बसून होते. "पैसं घावलं न्हवं? मंग द्या की, सायब."

मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय मुद्देमालातली दिडकी हलवता येत नाही, हे मी त्यांना समजावलं. ते एवढंच म्हणाले, "पोरीला काय सांगू?"

उत्तर चाचांनी दिलं. "उटा आबा. मी पुन्याला जातो, खरा बँड आनतो. पैसं हुकूम आल्यावर."

"मी पत्र देतो," मी म्हणालो.

"नगं सायब. पत्रं लय झाली."

पानसुपारीच्या संध्याकाळी मी लोणावळा स्टेशनवर होतो. बंदोबस्त हे निमित्त. टाकव्याचं वऱ्हाड आधीच येऊन थांबलं होतं. आबा रुळांकडे बघत होते, नवरी जमिनीकडे. गाडी आली आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक लाल कोट उतरला. मग दुसरा, मग तिसरा. पूर्ण अकरा! शेवटी चाचा, काखेत सनई. बँडमास्तरने एक पैसा इसार न घेता, निव्वळ त्यांच्या शब्दावर माणसं आणली होती.

आबांनी फेटा सारखा केला आणि असे ओरडले की हमालसुद्धा थबकले. "वाजवा!"

स्टेशनापासून वलवणपर्यंत बँड वाजला. पुढे चाचांची सनई, मागे कॉर्नेट आणि ढोल. लोक ओट्यांवर आले, पोरंसोरं नाचली. फौजदाराने गणवेशात वरातीत चालायचं नसतं. मी चाललो. वलवणचा दुकानदार हात जोडून दारात आला, आणि मुलीने माप ओलांडलं. मला इतका आनंद झाला की जमादाराच्या पाठीत मी एक थाप घातली. बिचारा दचकला.

खटला उभा राहिला तेव्हा बेगडेवाडीच्या त्या बापाने भर कोर्टात बोट रोखून "ह्योच त्यो" म्हटलं आणि मान वर करून पिंजऱ्यातून उतरला. दोघांना सक्तमजुरी झाली. सातही घरांना पैसे परत मिळाले, आणि आबांनी त्याच दिवशी पुण्याला जाऊन बँडचे चुकते केले.

या केसने मला शिकवलं, की ज्याला काम करायचं असतं तो आधी विचारतो. ज्याला फक्त पैसे घ्यायचे असतात तो आधी भाव सांगतो. पुढे कंत्राटदार, वकील, पुढारी, सगळे मी याच मापाने मोजले.

वर्षभराने आबा ठाण्यात आले, हातात अक्षता.

"सायब, धाकटीचं जमलं. ह्या बारीला बँड तुमीच ठरवायचा. तुमचा शब्द कोन मोडंल?"

मी पुण्याला गेलो, चाचांना बरोबर घेऊन. बँडमास्तरने मला खुर्ची दिली. मी ती चाचांपुढे सरकवली आणि बोलणी संपेपर्यंत ओसरीवर उभा राहिलो.