साहेबाच्या डाव्या अंगाला

चूक ही गोष्ट सांगणाऱ्याची, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. नाहीतर विठ्ठलराव करायला लावतीलच. दिवाळीच्या दिवसांत बोरी अरबच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी त्यांनी सांगणाऱ्याला गाठलं. जानेवारीत यवतमाळला, लोहाऱ्याकडच्या एका मैदानावर पाळीव कुत्र्यांच्या खेळांची स्पर्धा आहे, असं त्यांचा मुलगा कपिल फोनवर बोलला होता. ती काय भानगड असते, एवढंच त्यांना हवं होतं. आता आडव्या दांडीवरून उडी, कापडी बोगदा, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी चाल, वरून घड्याळ, हे सगळं समजावायचं म्हणजे हातातला चहा निवणार. म्हणून सांगणाऱ्याने एका वाक्यात गुंडाळलं.

"कुत्र्याइचा शंकरपट समजा, काका."

चहा गरम राहिला. बाकी सगळ्याचं वाटोळं झालं.

कारण विठ्ठलरावांपुढे शंकरपटाचं नाव काढायचं नसतं, हे बोरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हलका छकडा, त्याला दोन बैल आणि पुढे सरळसोट पट्टी. पापणी लवेपर्यंत निकाल. त्या छकड्यावर बसून जोडी हाकणारा तो धुरकरी, आणि विठ्ठलराव नावाजलेले धुरकरी होते. दारव्ह्यापासून कळंबपर्यंत लोक आपल्याला ओळखायचे असं ते सांगतात. बोरीच्या वेशीपलीकडे कुत्रंही ओळखत नव्हतं, असं त्यांची बायको शकुबाई सांगते. मध्ये पटावर बंदी आली. ती उठली तोवर घरी ट्रॅक्टर आलेला आणि पाखऱ्या-लखन ही शेवटची जोडी बाजारात उभी होती. एका गिऱ्हाइकाला एकटा लखन पाहिजे होता, तोंडाला येईल तो भाव द्यायला तयार. विठ्ठलरावांनी त्याला हाकलून दिलं. जोडी फोडून विकत नाही म्हणाले, दोन्ही बैल घरी आणले आणि पुढच्या बाजारी दोघांना एकाच दावणीला बांधतो म्हणणाऱ्याला बऱ्याच कमी पैशात दिले. शकुबाईने तो व्यवहार अजून माफ केलेला नाही.

त्यानंतर गोठा रिकामा झाला आणि विठ्ठलराव ओट्यावर येऊन बसले. तिथून ते रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चाल तपासत. हा लंगडते, तो फेंगडा चालते, या पोट्ट्याले पळता येत नाही. दिवसभर हेच ऐकून शकुबाईचं डोकं उठायचं.

त्यातच कपिलने कुत्रा आणून सोडला. यवतमाळच्या फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून थोडे दिवस ठेवा, अशी विनंती. लॅब्रॅडॉर जातीचा, तपकिरी रंगाचा, नाव कॉफी. पिण्याच्या वस्तूचं नाव जनावराला ठेवणारा आपला मुलगा आहे, हे विठ्ठलरावांना पचलं नाही. दोन दिवस त्यांनी बिननावाने काम चालवलं. मग शकुबाईनेच बारसं केलं. खाल्लं की पंख्याखाली पसरतो आणि उठवलं तर एक डोळा उघडून बघतो, म्हणजे हा कोण्या हापिसातला साहेबच. साहेब पंख्यावर भागवत होता तोवर ठीक होतं. पण भाव चढेल म्हणून मागच्या खोलीत भरून ठेवलेल्या कापसाच्या ढिगावर तो झोपू लागला. व्यापारी आला, मूठभर कापूस उजेडात धरला, त्यातला तपकिरी केस दोन बोटांत पकडून शकुबाईपुढे धरला, आणि भाव न सांगताच निघून गेला.

त्या दिवशी शकुबाईने निकाल दिला.

"बैल कडबा खात, पण वावर तरी वाहत. हे साहेब काय वाहते? यवतमाळच्या पटात धड पळाला त राहील. नाई पळाला त कपिलनं पाह्यलेल्या डाक्टरकडं जाईल नागपूरले."

नागपूरचा डॉक्टर खरंच होता, बंगला होता, बंगल्यापुढे हिरवळ होती. कुत्र्याच्या दृष्टीने पाहिलं तर सोनंच. विठ्ठलराव वरवर म्हणाले, जाऊ दे ना, कटकट जाईल डोक्याची. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते साहेबाला दोरी लावून वावरात गेले, आणि बैल विकल्यानंतर शकुबाईने त्यांना उजाडायच्या आत अंगणाबाहेर पाऊल टाकताना पहिल्यांदा पाहिलं.

कपिलने फोनवर उडी, पूल, बोगदा आणि काठ्या एवढी नावं सांगितली, पण तालीम सुरू झाली ती पटाच्या हिशेबाने. गोठ्यातलं जुनं जू दोन विटांवर ठेवून उडीची दांडी झाली. छकड्याची फळी दोन दगडांवर टाकून पूल. फवारणीच्या पाण्याच्या निळ्या ड्रमची दोन्ही बुडं कापली, बोगदा तयार. काठ्यांच्या जागी तुरीच्या वाळक्या तुराट्या रोवल्या, पण पट्टीच्या दोन्ही कडेला, कारण पटात मध्ये कोणी काठ्या रोवत नाही. हे सगळं एका रेषेत. विठ्ठलराव मागे उभे राहून "हाऽऽ" अशी आरोळी देत आणि साहेब खाली बसून त्यांच्याकडे बघत राही. ओढला, ढकलला, शिव्या दिल्या, मिनतवारी केली. साहेब मागचा पाय वर करून कान खाजवी.

शेवटी विठ्ठलरावांना वर्म सापडलं. एकटं जनावर पळत नसतं. जोडीदार पाहिजे.

जोडीदार गावात फुकट हिंडत होता. कपाळावर पांढरा टिळा असलेला टिकल्या, कोणाचाच नसलेला कुत्रा, ज्याला बोरीतल्या प्रत्येक घरातून एकदा तरी लाथ बसली होती. विठ्ठलरावांनी त्याला डाव्या अंगाला घेतलं, साहेबाला उजव्या, दोघांच्या गळ्यात एकच सुताची दोरी. पहिल्या दिवशी दोन दिशांना ओढून दोघे तुरीत पडले. आठवडाभराने एकत्र पळायला लागले. पुढे दोरी सोडली तरी साहेब टिकल्याच्या खांद्याला खांदा लावून धावे. तो वळला की हा वळे, तो जुवावरून उडाला की हा उडे. ड्रममध्ये आधी टिकल्या शिरे, मागून साहेब. धाव संपली की शकुबाईच्या ज्वारीच्या भाकरीचे दोन सारखे तुकडे, अर्धी डाव्याला, अर्धी उजव्याला, जागच्या जागी. यात उधारी नाही. पटाच्या बैलाला कबूल केलेली पेंड उशिरा दिली तर तो पुढच्या पटात हिशेब चुकता करतो, असं विठ्ठलरावांचं मत होतं.

स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा सांगणाऱ्याला उपरती झाली आणि त्याने वावरात जाऊन मोबाइलवर खऱ्या स्पर्धेचं चित्रण दाखवलं. विठ्ठलरावांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. एकच कुत्रा, वाकडीतिकडी वाट, आणि बाजूने धापा टाकत पळणारा मालक.

"तू त पट मनला होता," ते म्हणाले.

सांगणाऱ्याने मोबाइल खिशात घातला.

"पटात असं सापावानी पळते काय बे कोणी? अन् हा मानूस कायले धावून राह्यला?"

त्याचं उत्तर त्यांनी स्वतःच काढलं. ज्याचं जनावर बिनकामाचं, त्यालाच सोबत पळावं लागत असणार. धुरकरी कधी बैलाच्या बाजूने धावतो काय? त्यांनी तुराट्या उपटून मधोमध रोवल्या तेवढ्या. टिकल्या त्यांतून सुरळीत निघाला, आणि त्याच्या शेपटीमागे साहेबही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी कपिल नवी गाडी घेऊन आला. टिकल्याला त्याने गाडीत बसू दिलं नाही. शिवाय लस टोचल्याचं कार्ड असल्याशिवाय मैदानात कोणाला घेत नाहीत, आणि टिकल्याला आजवर दगडाशिवाय कोणी काही टोचलं नव्हतं. विठ्ठलराव वाद घालून थकले. मग साहेब आता पटाचं जनावर झाला आहे, एकटाही पळेल, अशी स्वतःची समजूत काढून ते धुतलेलं धोतर आणि टोपी घालून बसले. मागे शकुबाई. तिच्या मांडीवर साहेबाचं डोकं, आणि तिच्या तोंडावर हा माणूस आज आपलं हसं करणार असा भाव.

मैदानावर तंबू होता, भोंगा होता, फुगे होते, आणि कपडे घातलेली कुत्री होती. त्यातलं एक स्वेटर घातलेलं पाहून विठ्ठलरावांनी तोंड फिरवलं. स्पर्धेचं सगळं काम सुनीतीताई नावाच्या बाई बघत होत्या. यवतमाळातल्या कोण्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिट्टी, हातात माइक, बोलणं अगदी गोड. एकेक कुत्रा सुटे आणि मालक बाजूने पळे. विठ्ठलराव प्रत्येक मालकाकडे बोट करून शकुबाईच्या कानात सांगत, पाहा, याचंही बिनकामाचं. यालेही पळा लागून राह्यलं. शकुबाईने एकदाही मान हलवली नाही.

मग भोंग्यावर कॉफीचं नाव आलं.

विठ्ठलरावांनी साहेबाला रेषेवर उभं केलं, स्वतः मागे गेले, पाय रोवले, आणि पटातल्यासारखी आरोळी दिली. तंबूतली दोन पिल्लं घाबरून भुंकली. साहेब खाली बसला. त्याने मान वळवून डावीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग मागे विठ्ठलरावांकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. विठ्ठलरावांनी आणखी दोनदा आरोळी दिली. लोक हसायला लागले.

सुनीतीताई जवळ आल्या. "काका, तुम्ही सोबत पळा ना. सगळेच पळतात. तसाच असतो हा खेळ."

"म्या?"

"तुम्हीच."

विठ्ठलरावांनी शकुबाईकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. सकाळपासून तिच्या कानात जे ओतलं होतं ते आता तिच्या ओठांवर आलेलं त्यांना पाठ फिरवूनही दिसत होतं. घड्याळ चालू होतं. नागपूरची हिरवळ त्यांच्या डोळ्यांपुढे आली, तिच्यावर पसरलेला साहेब आला, आणि रिकामा ओटा आला. त्यांनी धोतर खोचलं, पुढे झाले, आणि साहेबाच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

साहेब उठला.

पुढचं ज्यांनी पाहिलं त्यांच्या मोबाइलात आहे. विठ्ठलराव पळाले. पहिल्याच दांडीपाशी एक चप्पल गेली, दुसरीपाशी दुसरी. ते डावीकडे झुकले की साहेब झुके, ते थबकले की थबके, त्यांच्या गुडघ्याला खांदा लावून. दांडीपाशी मात्र त्याने आधी जोडीदार उडायची वाट पाहिली. गावातल्या प्रत्येकाची चाल तपासणारे विठ्ठलराव त्या कोंबडीला अडेल एवढ्या दांडीवरून उडाले आणि धाडकन उतरले. काठ्यांमधूनही तेच पुढे, साहेब मागे, दोघंही नागमोडी. पुलावर ते चढले नाहीत. फळी मोडेल असं कपिल किंचाळला म्हणून. साहेबही चढला नाही.

राहिला बोगदा. साहेब तोंडाशी येऊन उभा राहिला आणि आधी कोण शिरतं ते पाहू लागला.

"अबे जा ना, लेका," विठ्ठलराव घायकुतीला येऊन म्हणाले. "तुह्या पाया पडतो."

साहेब गेला नाही. तेव्हा त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि गुडघ्यांवर बसून कापडी बोगद्यात शिरले. खांदे गेले, पोट अडकलं. मागून साहेबाला आता सगळं नेहमीसारखं वाटलं असावं, कारण तो आनंदाने आत घुसला, त्यांच्या पाठीवरून रांगत पुढे गेला आणि पलीकडे निघून भुंकत उभा राहिला. विठ्ठलरावांना दोन पोरांनी ओढून काढलं. मग ते आणि साहेब जोडीने शेवटची रेषा ओलांडून गेले.

सुनीतीताईंनी माइकवर अत्यंत आदराने सांगितलं की मालक अडथळ्यात शिरल्यामुळे ही धाव बाद आहे, तरी सहभागाबद्दल बिस्किटांचा पुडा मिळेल. विठ्ठलराव कमरेवर हात ठेवून, अनवाणी, शकुबाईसमोर येऊन उभे राहिले. धाव बाद, म्हणजे अट मोडली. कपिल हळूच म्हणाला, मग मी डॉक्टरांना फोन करतो, रविवारी घेऊन जातील.

शकुबाईने पदराने विठ्ठलरावांच्या कपाळावरची माती पुसली, जरा जोरातच.

"फोन करून सांग, नाई देत मनून," ती कपिलला म्हणाली. "तुहे बाबा जोडी फोडून इकत नाईत. अन् दोघं मिळून न्यायले त्या डाक्टरच्या बंगल्यात जागा नसन."

कपिल हसला. विठ्ठलराव हसले नाहीत. आपल्याला बैल म्हटलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्यांनी वाद घातला नाही. पुडा फोडला, अर्धी बिस्किटं तिथेच उजव्याला दिली आणि अर्धी सदऱ्याच्या खिशात ठेवली. आज टिकल्या पळाला नसला तरी तयारी त्याच्यासोबत झाली होती. डाव्याचा वाटा डाव्याला.

गाडीत विठ्ठलरावांचा डोळा लागला. बोरी येईपर्यंत साहेबाने बिस्किटं खाल्ली, आणि चवीला लागला म्हणून खिसाही.

टिकल्या अंगणात जुवाच्या डाव्या टोकाशी बसून होता. विठ्ठलराव उतरताच त्याने येऊन फाटका खिसा हुंगला आणि वर पाहिलं. त्यांनी चुलीकडे पाहिलं. शकुबाईने सांगितलं की तिचे पाय दुखतात, चूल आज पेटणार नाही, ज्याला भाकर पाहिजे त्याने थापावी.

"उद्या देतो, बाप्पा," विठ्ठलराव टिकल्याला म्हणाले, इकडेतिकडे कोणी ऐकत नाही ना हे पाहून.

दुसऱ्या दिवशी त्यांना खाटेवरून उठता आलं नाही. कमरेला शेक देत शकुबाई म्हणाली की हा लंगडते, तो फेंगडा चालते, आता स्वतःचं पाहा. बाहेर अंगणात दोघेही कुत्रे आपापल्या जागी येऊन उभे होते. साहेब डावीकडे पाहत होता. टिकल्या घराच्या दाराकडे.