आईला चव लागली तो दिवस

काल सुनेनं ज्वारीची आंबील केली आणि त्या आंबूस वासानं मला ऐंशीच्या दशकातलं नागपूरचं आमचं अंगण आठवलं.

आईची केमोथेरपी सुरू होती. फोडणीच्या वासानंच तिला ओकारी यायची, खाल्लेलं सगळं मातीसारखं लागायचं. म्हणून, कधी चहाही न केलेले बाबा अंगणात शेगडी मांडून आंबील शिजवायचे आणि निववून तिला द्यायचे.

एका सकाळी एक घोट घेऊन आई कुरकुरली, "मीठ नाही टाकलं का जी याच्यात?"

"चव लागली वं तुले?" बाबा ओरडले आणि तिथंच रडायला लागले.

"रडता काहून? मीठ आना न आधी."

मला तेव्हा हसू आलं. आई पुढे त्या दुखण्यातून उठली. पण आता वाटतं, तिच्याआधी बाबाच बरे झाले होते, त्या सकाळी.