मान न फिरवणारा कॅमेरा

नागलीचे पापड निम्मे झाले होते. साठेक गच्चीवर जुन्या साडीवर पसरलेले, तेवढ्यांचं पीठ परातीत ओल्या फडक्याखाली, आणि माझे दोन्ही हात तेलाचे. तेवढ्यात खालून हाक आली, "वयनी, हायस का?"

आवाज रंगूचा. पण वार गुरुवार होता, म्हणून नवल वाटलं. रंगू येते ती सोमवारी.

रंगू पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरची. वय पंचावन्नच्या आसपास असेल, नक्की तिलाही माहीत नाही. गेली एकोणीस वर्षं दर सोमवारी ती मला महादेवासाठी बेलाची पानं आणून देते. तीन दलांची, न फाटलेली, किडीचं भोक नसलेली. मला कधी निवडावी लागली नाहीत, ती झाडावरच निवडून आणते. यंदा चैत्र लागल्यापासून मात्र सहा सोमवार ती फिरकली नव्हती. मी पांढऱ्या फुलावर पूजा भागवत होते आणि वहीत दर सोमवारी लिहीत होते, "रंगू आली नाही."

"वर ये," मी म्हटलं. "हात गुंतलेत माझे."

ती वर आली, गच्चीच्या नळावर हात धुतले आणि न विचारता दुसरं लाटणं घेऊन समोर बसली. तोटी नीट बंद झाली की नाही ते तिने दोनदा वळून पाहिलं.

"शेटच्या दुकानात कॅमेरा मिळतो ना? बिनवायरचा. मोबाइलमध्ये दिसतो तो."

"तुला कशाला कॅमेरा? चोरी झाली की काय?"

"माझ्या घरातून चोर काय नेल? रिकामा हंडा हाय, तो नेल," ती म्हणाली. मग पापड लाटता लाटता तिने सगळं सांगितलं.

उन्हाळ्यात त्यांच्याकडच्या विहिरीचा तळ दिसतो. टँकर येतो आणि विहिरीत पाणी सोडतो. कधी अकराला येतो, कधी चारला, लांबून भरून आणायचं म्हणून वेळेचा नेम नाही. विहीर खालच्या पाड्याला लागून. वरचा पाडा डोंगराच्या सोंडेपलीकडे, तिथे टँकरचा आवाजही जात नाही. वरच्या बायका हंडे घेऊन उतरेपर्यंत गाळ राहिलेला असतो. खालच्यांचा दोष नाही, त्यांनाही पुरत नाहीच. म्हणून वरच्या बावीस घरांनी एक माणूस खाली बसवायचं ठरवलं. टँकर दिसला की त्याने फोन करायचा. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. रंगूचा नवरा नवशा आणि मुलगा तिथेच होते. रंगूचे गुडघे गेले म्हणून ती मागे राहिलेली, तेव्हा बसायचं काम तिच्याकडे आलं. यंदाचा तिचा तिसरा उन्हाळा. आधीचे दोन उन्हाळे सोमवारपुरती दुसरी एक बाई बसायची, यंदा तीही भट्टीवर गेली. सकाळी भाकर बांधून घ्यायची आणि टँकर येईपर्यंत झाडाखाली बसायचं. रविवार नाही, सण नाही.

"मग दुसरी कोणी बसू दे की दोन दिवस," मी म्हटलं.

"दोन दिवस नाय. महिना पायजे मना." तिने लाटणं थांबवलं. "सोनीचे दिवस भरत आले."

सोनी तिची एकुलती मुलगी, जामसरला दिलेली. पहिली खेप. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, पण बाळंतिणीला, तान्ह्याला पाणी किती लागतं. सोनीच्या सासूने आधीच सांगून टाकलं होतं, पोरीला त्या कोरड्या डोंगरावर पाठवणार नाही, आईनेच इकडे यावं. रंगूला ते पटलंही होतं. पण ती गेली तर झाडाखाली कोण बसणार? एकीचं मूल लहान, एक मजुरीवर, एकीला फोन लावता येत नाही. दुसऱ्या बाईला दोन दिवस बसवून पाहिलं, तिला दुपारी डुलकी लागली आणि बावीस घरं कोरडी राहिली. तेव्हा बचत गटात योगिताने कॅमेऱ्याची गोष्ट काढली. योगिता गटाची सचिव, घरीच मशिनीवर ब्लाउज शिवते आणि तिच्याकडे मोठा फोन आहे. गटाने पैसे द्यायचं कबूल केलं आणि निवडायला रंगूला पाठवलं, कारण जव्हारात ओळख तिची. आजच्यापुरती झाडाखाली योगिता बसली होती.

पीठ तसंच झाकून आम्ही खाली दुकानात गेलो. आमचं विजेच्या सामानाचं दुकान घराखालीच आहे. हे गल्ल्यावर होते.

रंगू सगळ्यांना 'तू' म्हणते, तिच्या बोलीत देवालाही तूच आहे. "बळवंतशेट, चांगलासा कॅमेरा दाव. फसवू नको."

"एकोणीस वर्षांत फसवलं का तुला?"

"एकोणीस वर्षांत तुझ्याकडून एक बल्ब घेतला. तो पण गेला."

हे हसले आणि खोकी काढून बसले. पहिली दोन स्वतःच बाजूला सारली. "हे घरातले. ह्यांना वायफाय लागतं, वीज लागते. तुमच्याकडे डोंगरात दोन्ही नाही. तुला सिमकार्डवाला पाहिजे, वर सूर्याची प्लेट असलेला. दिवसा चार्ज होतो, मोबाइलवर कुठूनही दिसतो." मग एक गोल, पांढरा, डोक्याएवढा काढला. "आणि ह्यात हा सगळ्यात भारी. चारी बाजूंना मान फिरवतो. माणूस हललं की त्याच्या मागे बघत जातो. ऐकतो, बोलतोसुद्धा."

"जेवतो पण का?" रंगूने विचारलं.

तरी भारी म्हटल्यावर तिने तोच घेतला. ह्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून विहिरीवरच्या चढाला खांब रोवून बसवूनही दिला. आठ दिवस वापरून पाहा, नाही जमला तर परत, असं ठरलं.

सहाव्या दिवशी रंगू टोपली घेऊन आली. टोपलीत पळसाची पानं, पानांखाली कॅमेरा.

"बिघडला?" ह्यांनी विचारलं.

"तो नाय बिघडला. आम्हालाच बिघडवतो."

झालं होतं असं. विहीर खोलात, तिथे रेंज एक काडी, चित्र अडखळत यायचं. पण जेव्हा यायचं तेव्हा कॅमेरा आपल्या गुणाप्रमाणे हलणाऱ्या माणसामागे मान फिरवायचा. विहिरीशेजारी धुण्याचा दगड आहे. बायका तिथे लुगडी गुडघ्यावर खोचून कपडे आपटतात, कडेला दोघी-चौघी अंगावर पाणीही घेतात. कॅमेरा टँकरची वाट सोडून त्यांच्याकडेच बघत बसला. वर योगिताचा फोन मशिनीवर ठेवलेला, आल्यागेल्याने तो उचलायचा. दोन दिवसांत पुरुष मंडळी ओटीवर बसून कोण कोणाशी हंड्यावरून भांडली त्याच्या नकला करू लागली. खालच्या पाड्याच्या बायकांनी तर सरळ सांगितलं, हे डोकं काढा, नाहीतर आम्ही दगड घालू. दगड पडायच्या आधी रंगूने त्यावर टोपली उपडी घातली.

"एवढंच ना?" हे म्हणाले. "ते फिरणं बंद करता येतं की. दे इकडे, सेटिंगमध्ये..."

"बंद करता येतं, म्हंजे चालू पण करता येतं."

"तू केलं नाहीस तर कसं होईल?"

"मी नाय करणार. फोन ज्याच्या हातात तो करल." रंगूने टोपली गल्ल्यावर सरकवली. "ज्याची मानच फिरत नाय असा दे. ऐकणारा पण नको. आम्ही तठं सासूला शिव्या देतो."

ह्यांनी मागची फळी धुंडाळली. मान न फिरणारा एक होता, लांबट, नळकांड्यासारखा. जुना नमुना, कोणी घेईना म्हणून कंपनीच्या माणसाला परत द्यायला काढून ठेवलेला. ऐकायची सोय त्याच्यात नव्हतीच. "पण हा एकीकडेच बघतो," हे म्हणाले. "विहिरीकडे लावला तर विहिरीवरच्या बायका दिसणारच. रेंजचं रडगाणं तेच. मग उपयोग काय?"

रंगू कॅमेरा हातात धरून उलटसुलट करत राहिली. चेहरा उतरला होता. सोनीच्या दिवसांचा हिशेब तिच्या डोक्यात चालू असणार. मला राहवेना. मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "रंगू, तू दिवसभर तिथे बसून बघतेस काय?"

"टँकर बघते."

"तो कुठे दिसतो?"

"वळणावर. आंब्याखाली बसते ना मी, वर रस्त्याला. तठनं फोन लागतो. खाली लागत नाय."

"आणि विहीर?"

"विहिरीकडं पाठ असते माझी." तिने कप खाली ठेवला. "शेट," ती म्हणाली, "विहीर नाय बघायची आपल्याला. विहीर कुठं जाते? ह्याला माझ्या जागेवर बसव."

तीन वर्षं ती ज्या जागी बसली ती रेंज बघूनच निवडलेली होती. तिच्या साध्या फोनलाही तिथे आवाज मिळे. पहिल्या वेळी खांब रोवायला गेलेल्या माणसाने विहीर कुठे आहे एवढंच विचारलं होतं, आणि बायकांनी विहीर दाखवली होती.

शनिवारी हे स्वतः निघाले, शिडी घेऊन. मीही गेले. एकोणीस वर्षांत मी रंगूचं घर पाहिलं नव्हतं. माझी एकादशी होती. वळणावर ह्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं दोन फोनांत घालून पाहिली. एकाच्या तीन काड्या आल्या, तेच कॅमेऱ्यात घातलं. आंब्याच्या खोडाला रंगूच्या डोक्याच्या दीडपट उंचीवर तो बांधला. प्लेटवर सावली पडू नये म्हणून ती वेगळ्या बांबूवर, रस्त्याच्या उघड्या अंगाला लावली. रंगू नेहमीच्या दगडावर बसून सांगत होती, "जरा खाली. आणखीन. हां, आता माझ्यासारखा बघतो." चित्रात रस्त्याचं वळण, करवंदीची जाळी आणि माती. माणूस दिसला तर रस्त्याने जाणारा तेवढाच.

योगिताने अ‍ॅप तिच्या फोनात घेतलं. रंगू म्हणाली, "एका फोनात नको. योगे, तू शिवायला बसलीस की तुला घर जळलं तरी कळत नाय. सोनीच्या फोनात पण घाल." आधी खात्री म्हणून माझ्याही फोनात घातलं.

घरी नेऊन रंगूने कोरा चहा दिला. हंडा कोपऱ्यात होता, तळाशी वीतभर पाणी. मी पाय धुवायला पाणी मागितलं नाही. पाय पायरीवर झटकून आत गेले आणि चहा घेतला. एकादशीला मी बाहेरचं काही घेत नाही, तो घेतला.

खरी परीक्षा सोमवारी. रंगू पहिल्या जीपने बेलाची पानं घेऊन माझ्याकडे आली. आंब्याखाली त्या दिवशी कोणी नव्हतं. पाड्यावरच्या बायका तयार होत्या, पण कुरकुरतही होत्या, आज पाणी गेलं तर रंगूच्या नावाने बोटं मोडू म्हणाल्या. योगिताला मुद्दाम मशिनीवर बसू दिलं होतं. आज फक्त माझ्या फोनावर बघायचं ठरलं. मी पूजा उरकली. रंगू स्वयंपाकघरात फोन मांडीवर घेऊन भिंतीला टेकली.

वळणावर काही हललं की फोन वाजे. पहिल्यांदा वाजला ती गाय होती. दुसऱ्यांदा तीच गाय परत. मग जीप, मग मोटरसायकल, मग लाकडाची मोळी घेतलेली बाई.

"हिरी आहे," रंगू म्हणाली. "चालते बघ कशी, मोळी लहान आणि ठुमका मोठा."

बारा वाजले. एक वाजला. मी वरणभात वाढला, तिने फोन ताटाशेजारी ठेवून खाल्ला. दोनला ती म्हणाली, "मी तठंच बसले असते तर बरं झालं असतं," आणि उठून खिडकीशी गेली, जणू जव्हारहून पोशेऱ्याचं वळण दिसणार होतं. मी मनात नामस्मरण चालू ठेवलं.

पावणेतीनला फोन वाजला. रंगूने पाहिलं आणि तो माझ्याकडे वळवला. वळणात धूळ, धुळीतून टँकरचं तोंड.

तिने स्वतःचा फोन काढून नंबर दाबला. "योगे, आला. मशीन सोड. सगळ्यांना काढ."

मग आम्ही वाट बघितली. पाऊण तास. तिने दोनदा विचारलं, घड्याळ बरोबर आहे का. साडेतीनला योगिताचा फोन आला, आवाज इतका मोठा की मला पलीकडून ऐकू येत होतं.

"काकी, आम्ही पोचलो तेव्हा पाइप नुसता लावला होता. तीन-तीन हंडे सगळ्यांना. हिरीचं विचारू नको, तिने चार नेले."

"आणि गाळ?"

"आज नाय दिसला."

रंगूने फोन पदराला पुसून मला परत दिला. "तुझ्याकडचा काढून टाक आता," ती म्हणाली. "नाहीतर दिवसभर गाय बघत बसशील." ह्यांनी माझ्या फोनातून अ‍ॅप काढलं.

मी देवापुढचा नारळ आणि घरचं शेरभर तूप तिच्या पिशवीत घातलं. सोमवारच्या बेलाचं आता काय, हे मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "जामसरला पण बेल हाय. बघते कोण येतं का जव्हारात."

चार वाजले होते. तिला बाजारातून सोनीसाठी अळीव आणि डिंक घ्यायचा होता, आणि मग जामसरची गाडी धरायची होती.