काखेत उसवलेला अंगरखा

जुन्नरच्या बाजारपेठेमागं दस्तगीर ड्रेपरीवाल्यांचं घर कुणीही दाखवायचं. यात्रा आल्या की गावोगावची हौशी मंडळी नाटकं बसवत, आणि राजापासून भालदारापर्यंत सगळ्यांचे पोशाख दस्तगीरभाई भाड्यानं देत. नुसते देऊन थांबत नसत. ट्रंका टेम्पोत चढवून स्वतः जात, नटांना कपडे घालत, मिशा चिकटवत. ते पोशाख शिवायची त्यांची बायको, बिबिजान.

बिबिजाननं त्यातलं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. आधी मुलं लहान होती, मग सासू अंथरुणाला खिळली. शिवाय गल्लीतल्या बायका यात्रेतल्या नाटकाला जात नसत. "पुढच्या साली नेतो तुला," दस्तगीरभाई म्हणायचे. एकदा तर ती तयार होऊन दारात उभी होती, आणि नेमका अनस, तिचा मुलगा, तापानं फणफणला. टेम्पो तिच्याशिवाय गेला.

तिच्यापर्यंत नाटक यायचं ते धुवायच्या कपड्यांतून. कुणाच्या कॉलरला रंग, कुणाच्या सुरवारीला स्टेजची माती. घोडेगावच्या पलीकडं डोंगरात एक गाव होतं. तिथली मंडळी दरवर्षी एकच नाटक करायची. त्यातल्या सरदाराचा जांभळा मखमली अंगरखा दरवर्षी उजव्या काखेत उसवून यायचा. बिबिजान वैतागायची.

"ह्या माणसाला कापडाची कदर न्हाई. सांगा त्याला."

"सांगतो ना. पण भान राहत न्हाई त्याला. लई जीव तोडून काम करतो."

"पण असं करतो तरी काय?"

मग दस्तगीरभाई तिला गोष्ट सांगायचे. सरदाराचं मुलाशी भांडण होतं, मुलगा घर सोडून जातो. त्यापुढं बाप कसा झुरतो, दिवेलागणीला वेशीवर कसा जाऊन उभा राहतो. सांगता सांगता ते ट्रंका आवरायला लागायचे आणि शेवट राहून जायचा.

पुढं अनस मस्कतला गेला, शिलाईच्या कारखान्यात. येतो येतो म्हणत वर्षं गेली. तिकडंच त्याचा जम बसला. दर शुक्रवारी फोन यायचा, आणि फोन ठेवल्यावर घर आणखीच मोकळं वाटायचं. अशाच एका साली अंगरख्याला टाके घालताना बिबिजाननं विचारलं, "शेवटी काय व्हतं हो त्या पोराचं?"

दस्तगीरभाईंनी हातातली ट्रंक खाली ठेवली. म्हणाले, "येतो की परत. बाप त्याला असा मिठीत घेतो, की सगळी यात्रा रडती."

"म्हणून उसवतो तर," बिबिजान म्हणाली. त्यानंतर तिनं त्या सरदाराविषयी कधी तक्रार केली नाही. काखेत ती दुहेरी दोरा घालू लागली, आणि घालताना तिच्या डोळ्यापुढं ती मिठी यायची.

मग यात्रांना ऑर्केस्ट्रा यायला लागले, डीजे आले. पोरं चाकण, भोसरीला कामाला गेली. तालमीला माणसं जमेनात. डोंगरातलं ते नाटक बंद पडलं. काही वर्षांनी दस्तगीरभाईही गेले. पोशाख उरले ते शाळांच्या गॅदरिंगपुरते. बिबिजानच्या मनात एक गोष्ट मात्र तशीच होती. आपण हातानं जिला इतकी वर्षं टाके घातले, ती मिठी एकदा डोळ्यांनी बघायची राहिली.

गेल्या हिवाळ्यात आरती नावाची मुलगी घरी आली. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. तिनं आणि तिच्या मित्रमंडळींनी घोडेगावात एक कार्यक्रम ठरवला होता. हॉलच्या बाहेरच्या दालनात गावोगावच्या जुन्या नाटकांच्या सामानाचं प्रदर्शन, आणि आत मुलांची एकांकिका.

"आजी, तुमचे पोशाख द्याल? आणि तुम्ही पण याच."

बिबिजान धाकट्या मुलाच्या लेकीला, अर्शियाला घेऊन एसटीनं गेली. दालनात तबला होता, रंगीत पडदे टांगले होते, लाकडी तलवारी होत्या. मधोमध जांभळा अंगरखा. तो नीट बसवावा म्हणून ती खांद्याच्या घड्या सारखी करत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हा माझा हाय."

वळून बघितलं तर एक बुटका, वाळलेला म्हातारा. पांढरी टोपी, हातात काठी.

"तुमचा कसा?" अर्शियानं विचारलं.

"म्या सावळेराम. सरदार म्याच व्हायचो, पोरी."

बिबिजाननं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिच्या मनातला सरदार दाराच्या चौकटीएवढा उंच होता.

"मी दस्तगीरभाईंच्या घरची," ती म्हणाली.

सावळेरामनं काठी बगलेत धरून हात जोडले. "भाभी! लई शिव्या खाल्ल्या तुमच्या. दस्तगीरभाऊ सांगायचा, घरी बायको लई बोलती म्हणून."

दोघं हसली. मग बिबिजान म्हणाली, "भाऊ, एक इचारू? पोरगं परत येतं, तुमी त्याला मिठी मारता, तवा उसवायचं ना हे?"

"मिठी?" सावळेराम गोंधळला. "न्हाई भाभी. पोरगं कुठं परत येतं? बाप वेशीवर उभा राहतो, असा हात वर करून हाका मारतो. हाका मारता मारता पडदा पडतो. तवा उसवायचं ते."

दाखवायला त्यानं उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंतच आला. तिथूनच खाली गेला.

अर्शियानं दादीचा हात धरला.

"दस्तगीरभाऊ शेवटी शेवटी माझ्या लई मागं लागायचा," सावळेराम म्हणाला. "दर साली. म्हणायचा, राव, एकदा तरी पोराला परत आणा. म्या म्हणायचो, तसं लिवलं न्हाई. नाटक बसवणारा मास्तर ऐकंना. मग मिशी लावता लावता गप व्हायचा. का म्हणत व्हता, काय ठाऊक."

बिबिजानला ठाऊक होतं. तिनं अंगरख्याच्या बाहीवरून हात फिरवला, आणि बराच वेळ फिरवत राहिली. नवरा आज हयात असता तर तिनं त्याला आत्ता, इथंच, विचारलं असतं, का खोटं बोललात. आणि तो जे उत्तर देणार होता तेही तिला माहीत होतं. तरी ते त्याच्या तोंडून ऐकायची ओढ इतकी दाटून आली, की ती खुर्चीवर टेकली.

आत घंटा झाली. आरतीनं तिघांना पुढच्या रांगेत बसवलं. एकांकिका एसटीच्या एका कंडक्टरची होती. त्याची बॅग हरवते आणि सगळी गाडी एकमेकांवर संशय घेते. पोरं झकास बोलत होती. बिबिजान आधी जपून बसली होती. मग चपला काढून तिनं पाय वर घेतले. कंडक्टर स्वतःच्याच बॅगेवर बसलेला निघाला तेव्हा ओढणीत तोंड खुपसून हसली. शेजारी सावळेराम टाळ्या वाजवत होता, छातीशी हात धरून.

दिवे लागले. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या. पोरं पडद्याआड स्टेजवरचं सामान उचलायला लागली.

"दादी, संपलं," अर्शिया म्हणाली. "शेवटची गाडी जाईल."

"जाईना का," बिबिजान म्हणाली. "बसू दे जरा."

पुढं पडदा ओढून घेतलेला होता. ती त्याच्याकडं बघत बसली.