सातव्या रात्रीची हजेरी

शुक्रवार, १३ फेब्रुवारी २००४, दुपारी तीन. हजर: माझे अब्बा, वय ब्याऐंशी, मागच्या गल्लीतली आपा, वय एकसष्ट, काल्हेरच्या नव्या वस्तीत राहायला आलेले नौदलातले एक निवृत्त कारकून, आणि मी. शुक्रवारी आमच्या निजामपुऱ्यातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. एकमेकांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मी तोच दिवस ठरवला होता.

प्रश्न एकच होता. महायुद्धात अब्बा आणि आपाचे वडील एकाच युद्धनौकेवर आगवाले होते, म्हणजे खाली बॉयलर सांभाळायचे. मालवाहू बोटींच्या ताफ्याबरोबर राहून पाणबुड्यांपासून त्यांची राखण करणं हे त्या नौकेचं काम. एका रमजानमध्ये आपाचे वडील नाहीसे झाले. घरी नौदलाचं पत्र आलं की बंदरावरून पळाला. आपा तेव्हा आईच्या पोटात होती. भगोड्याची पोर हे शब्द तिने लग्नाच्या बोलणीतसुद्धा ऐकले. अब्बा मात्र सांगत आले होते की तो पळाला नाही, समुद्रात गेला.

कारकुनांनी खटपट करून त्या नौकेच्या कामगिरीची टाइप केलेली चार पानं मिळवली होती. कधी दाखल झाली, कोणता ताफा मुंबईहून एडनला नेला, कुठे पाणबुडीचा माग काढला, कुठे नांगर टाकला. मी त्याचा तक्ता केला होता. डाव्या रकान्यात नौका, उजव्या रकान्यात अब्बांच्या दुआंच्या पुस्तकातली शेवटच्या पानावरची नोंद: ‘रमजानची सातवी रात्र. तो गेला.’ कोणता रोजा कोणत्या इंग्रजी तारखेला, हे छापील कोष्टकावरून काढलं होतं.

तक्त्याप्रमाणे त्या रात्री नौका बंदरात होती.

मी ते वाचून दाखवलं. कारकुनांनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे पळालेच,” आपा म्हणाली. तिने ओढणी सारखी केली आणि उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. “सातव्या रोज्याच्या नंतरची रात्र धरलीस का तू?”

“हो.”

“अगं, शाळेच्या ऑफिसात बसून बसून तुझा चांदसुद्धा इंग्रजी झाला काय? आपली तारीख मगरिबला बदलते, सूर्य बुडाला की. आधी रात्रीची तरावीहची नमाज, मग दिवसाचा रोजा. सातवी रात्र म्हणजे सातव्या रोज्याच्या आधीची.”

मी बोट एक ओळ वर नेलं. त्या रात्री नौका ताफ्याबरोबर भर समुद्रात होती. सकाळी सातला बंदरात नांगर.

आपा खाली बसली. पण कारकुनांनी तिच्या घरी आलेलं ते जुनं पत्र पुढे ओढलं. तारखेचा कोपरा वाळवीने खाल्ला होता, बाकी मजकूर शाबूत होता. “यात लिहिलंय, पहाटे चार ते आठच्या पाळीला हजर. म्हणजे नांगर पडला तेव्हा ते नौकेवरच होते. त्यानंतर उतरून जाता येतं. कोणीही हेच म्हणेल.”

“ती हजेरी मी दिली,” अब्बा म्हणाले.

मग ते पुढे सांगू लागले. रोज्यात कुणाला चक्कर आली की दुसऱ्याने त्याच्या नावाला ओ द्यायची, असं आगवाल्यांचं ठरलेलं होतं. बॉयलरच्या आवाजात, वाफेत कोण तोंड बघतंय? रात्री तो वारा खायला डेकवर गेला होता. वरच झोपला असेल असं वाटलं. नांगर पडल्यावर शोधलं, तर त्याच्या चपला तेवढ्या कठड्यापाशी होत्या.

“चारलाच सांगितलं असतं, तर बोट वळली असती?” आपाने विचारलं.

“ताफा सोडून बहुतेक वळली नसती,” कारकून म्हणाले.

“मी चाचांना विचारतेय.”

अब्बांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही.

“दर ईदला आमच्याकडे शीरखुर्मा खायला येत होता तुम्ही, चाचा. वाटी पुढे करून आणखी मागायचा.” मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “लिही.”

मी लिहिलं. नौदलातली नोंद दुरुस्त व्हावी म्हणून अर्ज, सोबत तक्त्याची सुधारलेली प्रत, पत्राची नक्कल आणि अब्बांचा जबाब. पहिल्या तिन्हींपुढे तयार अशी खूण केली. जबाब अब्बांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, असरच्या नमाजनंतर सही करतो. त्या दिवशी केली नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. पावसाळ्याच्या आधी ते गेले.

कारकुनांनी चौकशी करून सांगितलं, जबाब तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलाय, तुमच्या सहीनेही अर्ज घेतील. आपा रस्त्यात भेटली की विचारत नाही, फक्त सलाम करते. मी कागद नव्याने टाइप केला आहे. माझ्या वडिलांनी खोटी हजेरी दिली, अशी त्याची सुरुवात आहे. खाली माझं नाव, पत्ता, तारखेची जागा. सही अजून करायची आहे.