अंबडची सून आणि अमावस्येची ओहोटी

"लेकरू झालं की सुटंल आपोआप ते तारामाशाचं याड. तू कायबी बोलू नको, आक्का."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. शेजारच्या काकू, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, स्वयंपाकघरात सासूबाईंची समजूत घालत होत्या आणि मी मागच्या दारात ओले केस पुसत उभी होते. न बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो, त्याच्यासमोर लोक सगळं बोलतात. त्यात माहेर वाटूरचं, सासर अंबडचं, दोन्हीकडून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि पीएच.डी. कशावर, तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या तारामाशांवर! किस्से जमवावे लागत नाहीत, घरातल्या धुळीसारखे आपोआप साचतात.

* * *

सासरे, म्हणजे दादा, आल्यागेल्याला सांगायचे, "सून झूलॉजीत एम.एस्सी. हाय." ते ऐकून गल्लीतला एकजण पोट फुगलेली शेळी घेऊन दारात आला.

"बघ की पोरी जरा," दादा म्हणाले. "जनावरंच शिकलीस ना?"

"दादा, हिला पाठीचा कणा आहे. माझा अभ्यास बिनकण्याच्यांचा."

दादांनी शेळीकडं पाहिलं. मग उगाचच प्रशांतकडं, म्हणजे स्वतःच्या मुलाकडं पाहिलं.

माझा नवरा मोबाईलमध्ये होता.

* * *

किनाऱ्यावर मी प्लास्टिकच्या पाइपची चौकोनी चौकट खडकावर ठेवते आणि तिच्या आत किती प्राणी आहेत ते मोजते. उचलून काही आणायचं नाही. समुद्री काकडीला, म्हणजे तारामाशाच्या काकडीसारख्या दिसणाऱ्या भावकीला, तर कायद्याचं संरक्षण आहे, तिला हात लावायचा तरी परवानगी लागते.

ही चौकट माझ्या रुखवताच्या सामानातून सासरी आली. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईनं ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली.

"फ्रेम चांगली हाय. पण ह्यातला फोटो कुठंय?"

सासूबाईंनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "फोटो समुद्रातच राह्यला!"

* * *

एकदा जेवताना दादांनी विचारलं, तारामासा काय खातो? मला कुणी एवढं विचारत नाही, त्यामुळं मी वाहवत गेले. म्हटलं, तो शिंपल्याला पाचही हातांनी धरून ओढत राहतो. शिंपला जरासा उघडला, की स्वतःचं पोट तोंडातून बाहेर काढतो, फटीतून आत घालतो आणि शिंपल्यातला जीव तिथल्या तिथं पचवतो. मग पोट परत आत.

दादांचा घास हातातच राहिला.

"आमच्या घरी," भाकरी वाढत सासूबाई म्हणाल्या, "जेवताना पोट आत ठिवत्यात."

* * *

काकूंना मात्र समुद्री काकडी आवडली. म्हटलं, फार छळलं तर तिच्या काही जाती आपली आतडी बाहेर टाकतात.

"अगं बाई! अन् मंग मरती?"

"नाही. गपचूप एका जागी पडून राहते. काही आठवड्यांत आतडी नवी येतात."

काकू बराच वेळ लसूण सोलत राहिल्या.

"मी नवी नवरी होऊन आल्ते, तवा मलाबी तसंच झाल्तं," त्या म्हणाल्या. "फकस्त नवी काय आली न्हाईत."

* * *

आता मुख्य भानगड. समुद्र सगळ्यात लांब हटतो तो अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. एरवी पाण्याखाली असलेले खडक तेव्हाच उघडे पडतात आणि माझे प्राणी तेव्हाच दिसतात. अंबडहून रत्नागिरीला पोचायला अख्खा दिवस लागतो, तिथं आधीपासून जाऊन राहायची सोय नाही आणि मोठी ओहोटी दुसऱ्या दिवशीही असते, म्हणजे निघायचं त्याच दिवशी.

आणि आमच्या घरी नव्या नवरीनं अमावस्येला उंबरा ओलांडायचा नसतो. पौर्णिमेला सत्यनारायण असतो, जोडीनं बसायचं असतं.

"अष्टमीला जा की," दादा पंचांग बघून म्हणाले. "बराबर दिवस हाय. समुद्र काय पळून राह्यलाय का?"

अष्टमीला समुद्र सगळ्यात कमी हटतो. आणि हो दादा, अमावस्या-पौर्णिमेला तो पळतोच! ओठांवर आलं होतं, चहाबरोबर गिळलं.

* * *

सासूबाईंनी तोड काढली. प्रस्थान ठेवायचं! म्हणजे चांगल्या दिवशी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं की माणूस निघालं असं धरतात, मग अमावस्या आडवी येत नाही. त्रयोदशीला माझी बॅग वाजतगाजत काकूंच्या घरी गेली. कॅमेरा, चौकट, रबरी बूट, सगळं त्यात.

अमावस्येला सकाळी बॅग आणायला गेले, तर काकूंच्या दाराला कुलूप. काकू टेंभुर्णीला, माहेरी. किल्ली कमरेला, फोन बंद.

एस.टी. गेली. समुद्र हटला, परत आला.

"बघ," दादा म्हणाले, "म्हणलं न्हवतं, अमावस्या वाईट!"

काकू दोन दिवसांनी आल्या. "भाऊ अचानक न्यायला आल्ता," म्हणाल्या. माझ्याकडं न बघता.

* * *

तीन आठवड्यांनी माझ्या पीएच.डी.च्या गाईड मॅडमचा फोन आला. पौर्णिमाही सत्यनारायणात गेली होती. येत्या अमावस्येची ओहोटी चुकली, तर माझी पीएच.डी.ची जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी घरात ते जसंच्या तसं सांगितलं.

चतुर्दशीला सकाळी सगळे चहाला बसलेले. काकू दारात येऊन उभ्या.

"आण पोरी बॅग. ह्या बारी किल्ली आक्काकडं ठिवते, बिलकुल."

"न्हाई तर अष्टमी हायेच," दादा म्हणाले.

"जाऊ दे ना," प्रशांत मोबाईलमधूनच म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

मी कप खाली ठेवला.

"काकू, बॅग कुठंच जाणार न्हाई. उद्या अमावस्या आहे अन् उद्याच निघणार, मी अन् बॅग, सोबत. पुढच्या पौर्णिमेलाबी निघणार. आई, सत्यनारायण तुम्ही एकादशीला घ्या. देव तारीख बदलून देतो. समुद्र देत न्हाई."