बंगला, मोटार आणि एक माळी

लोटनआबांचा पगार मस्टरवर एका ओळीत मावायचा. आमच्या मोठ्या साहेबांच्या पगाराला फुलस्केपची चार पानं लागायची. ती चारही पानं मी टाइप केली आहेत, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, माणूस जितका मोठा तितका त्याचा पगार पगारासारखा दिसत नाही.

जळगावच्या एका ऑइल मिलमध्ये मी हेडक्लार्क होतो. लोटनआबा मूळचे पिंपळनेरकडचे. पंचावन्न साली ते मिलमध्ये माळी म्हणून लागले आणि दुसऱ्याच दिवसापासून साहेबांच्या बंगल्यावर राबू लागले. त्या बागेत त्यांनी एकसष्ट जातींचे गुलाब लावले. पण कुणी ‘साहेबांचा माळी’ म्हटलं की त्यांना राग यायचा. ‘‘मी मिलना माणूस शे, बंगलाना नही,’’ म्हणायचे. दर संक्रांतीला माझ्या टेबलावर मेहरूणच्या बोरांची पिशवी ठेवून जायचे.

सत्तर साल उजाडलं. तेव्हा सरकारचा डोळा मोठ्यांच्या पगारावर होता. ऑडिटरनं विचारलं, ‘‘मिलमध्ये गवताची काडी उगवत नाही, मग मस्टरवर माळी कशाला?’’ साहेब हुशार. त्यांनी नवा करार करून घेतला. पगार साडेतीन हजार, नफ्यावर शेकडा एक कमिशन, राहायला बंगला, मोटार, ड्रायव्हर, वर्षातून एकदा कुटुंबासह थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा खर्च, आणि ‘एका माळ्यासाठी’ दरमहा दीडशे रुपये. म्हणजे मिलनं साहेबांना दीडशे द्यायचे आणि साहेबांनी त्यातून माळी ठेवायचा. लोटनआबांना त्यातले एकशेवीस मिळत. उरलेले तीस बागेतली माती खात असावी.

पण त्यासाठी आबांनी आधी मिल सोडायला हवी होती. राजीनामा मीच टाइप केला. साहेब म्हणाले, ‘‘त्याला समजावून सांगा.’’ मी कसलं समजावतो! ‘‘आबा, दहा रुपये वाढले. दाबा अंगठा,’’ म्हटलं. एकशेदहाचे एकशेवीस होणार होते, तेव्हा मी खोटं बोललो नाही, अर्धंच बोललो. आबांनी अंगठा उमटवला, कपाळाला हात लावून मला नमस्कार केला, आणि पुढच्या संक्रांतीला बोरांची पिशवी नेहमीपेक्षा मोठी होती.

बहात्तर साली ग्रॅच्युइटीचा कायदा आला. नोकरी सुटताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार! मिलमध्ये जो तो बोटांवर हिशेब करू लागला. आबांनीही केला. पंचाहत्तरला वीस वर्षं पुरी होणार, तेव्हा थांबायचं, म्हणजे बाराशे रुपये. ज्याच्या झाडांची बोरं ते मला आणत, त्या चुडामण पाटलाचा मेहरूण तलावामागे एक तुकडा होता, दोन बोरींचा. बायकोचे, झुंबरबाईंचे, चांदीचे वाळे मोडून आबांनी दोनशे रुपये इसार दिला. बाकीची रक्कम पंचाहत्तरच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत द्यायची, नाहीतर इसार बुडाला, असं ठरलं. वीस वर्षं दुसऱ्याच्या बागेला पाणी घातलेल्या माणसाला स्वतःची दोन झाडं हवी होती. तेवढंच.

हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. वाटलं, वेळ आली की बघू. ही आमची कारकुनांची जुनी खोड.

पंचाहत्तरच्या मार्चमध्ये आबा धुतलेला सदरा घालून ऑफिसात आले. मी फाइल उघडली. राजीनामा सत्तरचा, कायदा बहात्तरचा. ‘‘आबा,’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही मिलचे नाही. पाच वर्षं झाली. तुम्ही साहेबांच्या पगारात आहात. बंगला, मोटार, तसे तुम्ही.’’

आबा बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मग अगदी साधेपणानं विचारलं, ‘‘भाऊसाहेब, मंग साहेब जाई तवय त्यास्ना पैसासंगे मना पैसा बी भेटी का?’’

मी फाइल बंद केली. आखाजी आली आणि गेली. इसार चुडामणकडे राहिला.

दिवाळीनंतर साहेब निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला लोटनआबांच्याच गुलाबांचे हार होते. बोर्डानं ठराव केला: साहेबांना एकरकमी बेचाळीस हजार, आणि कृतज्ञता म्हणून पुढची दोन वर्षं बंगला, मोटार व एक माळी. मसुद्याच्या कडेला साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘माळी लोटनच हवा.’ त्यांना तो माणूस खरंच आवडायचा, हे लिहिताना माझं तोंड कडू होतं.

आबांना बोलावलं. ठराव आणि नोकरीचा नवा कागद पुढे ठेवला. या वेळी ते लगेच वाकले नाहीत.

‘‘बठ्ठं वाची दखाडा,’’ म्हणाले.

मी वाचलं. साहेबांचे बेचाळीस हजार वाचले, बंगला वाचला, मोटार वाचली, माळी वाचला. नोकरी दोन वर्षांची, साहेबांची मर्जी असेपर्यंत, नंतर मिलची कसलीही जबाबदारी नाही, हेही वाचलं. काहीच गाळलं नाही.

‘‘यान्हामा मना काय शे?’’

‘‘काही नाही, आबा. महिन्याचे एकशेवीस, बस.’’

घरी झुंबरबाई होत्या, खोलीचं भाडं होतं, आणि साठीच्या माळ्याला जळगावात दुसरं कोण ठेवणार?

‘‘मंग कथा आंगठा लावाना शे, ते दखाडा.’’

मी जागा दाखवली. शाईचं पॅडही मीच पुढं केलं.